पंचांचा पत्ता

माझ्या एम.टेक.च्या प्रबंधात ऋणनिर्देशाचं एक पान आहे. त्यावर मार्गदर्शक सर आहेत, विभागप्रमुख आहेत, ग्रंथपाल आहेत, आईबाबा आहेत. ज्यांच्यामुळे तो प्रबंध उभा राहिला त्यांचं नाव मात्र नाही. मी ते घातलं होतं. मसुदा दाखवायला नेला तेव्हा त्यांनीच त्यावर काट मारली. "बाय, नाव दिसलं की पहिला प्रश्न येईल, परवानगी कुणाची होती? तुझी पदवी तुझ्याकडं राहील, खुलासा मला द्यावा लागंल." आता त्यांना निवृत्त होऊन काही वर्षं झाली. हा लेख लिहिते आहे म्हटल्यावरही उत्तर तेच: "पेन्शन चालू हाय. नाव नको." तेव्हा इथेही ते नुसते काका. पोलादपूरला हवालदार होते, एवढं पुरे.

मी महाडची. वडिलांचं गॅरेज महामार्गालगत होतं. तेव्हा त्या रस्त्याला सतरा नंबर म्हणत, आता तो सहासष्ट झाला. अपघातातल्या गाड्या क्रेनला लटकून आमच्या अंगणात यायच्या, आणि वडील त्या दुरुस्त करण्याआधी त्यांच्याभोवती एक फेरी मारून सांगायचे, ही समोरून बसली, ही कठड्याला घासत गेली, हिचे ब्रेक उतारावर तापून गेले. पुढे स्थापत्य शिकले, मग वाहतूक अभियांत्रिकी, आणि विषय निवडायची वेळ आली तेव्हा याच महामार्गावरचा, पोलादपूरजवळचा कशेडी घाट निवडला. २०१३ साल होतं. अलिबागहून पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाचं परवानगीचं पत्र आणलं आणि पोलादपूरला हजर झाले. ठाण्यात माझ्यासाठी कोपऱ्यातलं टेबल मिळालं आणि फायली काढून द्यायचं काम काकांकडे आलं. ते मला आधी 'मॅडम' म्हणत. मी अमक्या गॅरेजवाल्याची मुलगी हे कळल्यावर 'बाय' झाले.

अपघाताच्या फिर्यादी वाचायला बसलं की थोड्या वेळात लक्षात येतं, आपण एकच फिर्याद पुन्हा पुन्हा वाचतो आहोत. आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून... टँकर असो, दुचाकी असो, पाऊस असो की मे महिना, वाक्य तेच. मी वहीत 'कारण' असा रकाना आखला होता. पानंच्या पानं त्यात 'अतिवेग' उतरत गेला.

ही काही पोलादपूरची तऱ्हा नव्हे, देशभर असंच लिहितात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अपघातांचा वार्षिक अहवाल याच कागदांवर उभा राहतो. २०२२ च्या अहवालात देशभरातले ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू आहेत, आणि त्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर पडले आहेत. आकडा असा भक्कम दिसला की उपायही ठरलेला असतो: पावत्या फाडा, चालकांना समज द्या, फलक लावा. दिल्लीच्या आयआयटीतले प्रा. दिनेश मोहन वर्षानुवर्षं याच्या उलट सांगत राहिले. माणूस चुकणारच, हे धरून रस्ता आणि वाहन घडवा. नुसतं चालकाच्या माथी मारून मृत्यू कमी होत नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात ते कोविडने गेले. त्यांचे लेख मी पोलादपूरच्या त्या कोपऱ्यात बसून वाचत होते, आणि समोर काका फिर्याद लिहीत होते: हयगयीने, अविचाराने.

एकदा न राहवून विचारलंच, सगळीकडे हेच का लिहिता? ते रागावले नाहीत. म्हणाले, "कलम काय म्हणतं ते बघ." तेव्हा भारतीय दंड संहिता होती. बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २७९, मृत्यू झाला तर ३०४-अ. दोन्हींत हयगय आणि अविचार हाच गुन्ह्याचा गाभा. ते शब्द कागदावर आले नाहीत तर गुन्हाच उभा राहत नाही, दोषारोपपत्र टिकत नाही. अपघात दाव्याच्या न्यायाधिकरणापुढे बाईने नवऱ्याच्या मृत्यूची भरपाई मागितली की विमा कंपनीचा वकील पहिली फिर्यादच उलगडतो. "मी लिवलं की रस्त्याचा उतार उलटा हाय, म्हणून गाडी बाहेर गेली, तर त्या बाईला काय मिळंल? ते वाक्य तिच्यासाठी हाय, तुझ्यासाठी न्हाय."

हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. फिर्याद कोर्टासाठी लिहिलेली असते. रस्त्याविषयी ती काही सांगत नाही, कारण तिला ते कुणी कधी विचारलेलंच नसतं. आम्ही अभ्यासक मात्र तिच्याकडूनच रस्त्याची कारणं वदवून घेतो आणि वर कोष्टक बांधतो.

मग रस्त्याविषयी कोण सांगतं? काकांनी फायलीत दोन बोटं घालून मागचे कागद पुढे काढले. पंचनामा.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझं सगळं देणं या कागदापाशी सुरू होतं. प्रथम खबरीच्या छापील नमुन्यात घटनास्थळासाठी रकाना असतो: पोलीस ठाण्यापासून दिशा आणि अंतर. घाटातल्या निम्म्याअधिक अपघातांना तिथे एकच गोळाबेरीज अंतर होतं, दिशा दक्षिण, आणि पुढे 'भोगाव गावचे हद्दीत'. भोगावची हद्द म्हणजे कितीतरी वळणं. संशोधनाच्या दृष्टीने हे शून्याच्या जवळचं. शासनाच्या व्याख्येत राष्ट्रीय महामार्गावरचा अपघातप्रवण टप्पा साधारण ५०० मीटरचा असतो: तीन वर्षांत तिथे मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, की तो यादीत जातो. पाचशे मीटर शोधायचे आणि हातात अख्खं भोगाव.

पंचनाम्यात मात्र चतुःसीमा असते. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस दरी, उत्तरेस मुंबईकडे जाणारा रस्ता, दक्षिणेस गोव्याकडे जाणारा. मी ती ओळ सोडून देत होते. सगळ्यांत सारखीच वाटायची. काकांनी चार पंचनामे शेजारी शेजारी मांडले. एकात डोंगर पूर्वेला, दुसऱ्यात उत्तरेला. रस्ता वळला की डोंगर कागदावर बाजू बदलतो. मग टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठवर, काचांचा सडा रस्त्याच्या कुठल्या कडेला, मोरी किती पावलांवर. आणि हे सगळं करूनही दोन वळणांत घोटाळा उरला तर शेवटची किल्ली: पंचांचा पत्ता.

रात्री दोन वाजता घाटात पंच कुठून आणायचे? जवळात जवळ जो जागा असेल तो. टपरीवाला, धाब्यावरचा पोऱ्या, वरच्या वाडीतला कुणी. पंचनाम्याच्या सुरुवातीला त्यांचं वय, धंदा, राहणार, सगळं असतं. ज्या टपरीवाल्याचं बोट लागलंय त्याच्या टपरीच्या हाकेच्या अंतरावर गाडी पडलेली असते. मी पंचांची यादी केली आणि नकाशावर टाकली, तर भोगावच्या हद्दीतले इतके दिवस ढीग होऊन पडलेले अपघात आपापल्या वळणांवर जाऊन बसले. त्यात एक गंमत निघाली. एका टपरीवाल्याला साक्षीच्या समन्सांचा इतका वैताग आला होता की त्याने टपरीच उचलून खाली नेली. कागदावर त्यानंतर त्याच्या जुन्या वळणावरचे अपघात 'थांबले'. ही गोष्ट कुठल्याही संगणकाला कळली नसती. काकांना महिन्यासकट आठवत होती. "शिमग्यानंतर गेला तो खाली."

त्या दिवसांत परतीची गाडी चुकली की काकूंच्या हातची नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी पोलीस लाईनीतल्या खोलीत व्हायची. तेही देणं आहेच, पण काकूंना ते लेखात आलेलं चालेल, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

डायरी त्यांनी फार उशिरा दाखवली. खिशात मावणाऱ्या, वर्षावर्षाच्या, कुठल्या कुठल्या पतपेढ्यांनी वाटलेल्या. त्यात प्रत्येक अपघाताचा किलोमीटरचा दगड, वेळ, गाडी भरलेली की रिकामी, चढाला की उताराला, रस्ता ओला की कोरडा. कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात रात्री जीप कुठे उभी ठेवली तर लवकर पोचता येईल, एवढ्यासाठी ते लिहीत. माझ्या पत्रात परवानगी फिर्यादींची होती. डायरी त्यांची स्वतःची होती, म्हणून प्रबंधात तिचा उल्लेखही नको, हा त्यांचा आग्रह.

मी त्यांना अमेरिकेतल्या मिनिआपोलिसची गोष्ट सांगितली. लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं की त्या शहरात पोलिसांना येणारे निम्मे कॉल जेमतेम ३ टक्के ठिकाणांहून येतात. त्यातून पुढे जगभरच्या गस्ती बदलल्या. सगळीकडे थोडं थोडं फिरण्यापेक्षा मोजक्या जागी वारंवार जा, असं शास्त्र झालं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना हे शोधायला किती पगार?"

खरा बदल झाला तो अगदी लहान होता. त्या सुमारास आलेल्या अधिकाऱ्यांना माझ्या नकाशाची प्रत आवडली. काकांनी संधी साधली. नवा फॉर्म नको, नवं रजिस्टर नको, नाहीतर कुणी भरणार नाही. फक्त पंचनाम्याच्या मजकुरात, चतुःसीमेनंतर, दोन वाक्यं: जवळचा किलोमीटरचा दगड, आणि रस्ता ओला की कोरडा. ठाण्यातल्या तपासी अंमलदारांनी ती लिहायला सुरुवात केली, कारण काका त्यांच्या मागे उभे राहत. माझ्या सरांनी याला 'हस्तक्षेप' म्हटलं. काकांनी 'सवय' म्हटलं.

मग २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आली. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी आणि एक मोटार त्याच्यासोबत गेली. मी पुण्यात नोकरीला होते. काकांचा फोन दोन दिवसांनी आला. दमलेला आवाज. त्या चालकांनी कसली हयगय केली होती गं, एवढंच म्हणाले. नवा पूल पुढच्या जूनमध्ये उभा राहिला, तेव्हा बातम्या कामाच्या वेगाच्या आल्या.

दोन वर्षांनी, २८ जुलै २०१८ ला, पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरचा आंबेनळी घाट. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी महाबळेश्वरला निघाले होते; बस दरीत गेली. तीस जण गेले, एकच वाचला आणि त्यानेच वर चढून येऊन खबर दिली. महाबळेश्वरचे, पोलादपूर-महाडचे ट्रेकर दोर लावून उतरले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्याशी मी त्यावर बोलत नाही. पण काकांनी नंतर एकदा व्याख्येवर बोट ठेवलं. पोलादपूरच्या बाजाराच्या दिवशी चहा घेत होतो. "तीन वर्षांत दहा मेले तर यादीत. आणि नऊ मेले तर?" मी सांगितलं की कुठेतरी रेषा मारावी लागते, नाहीतर पैसा कुठे घालायचा ते ठरत नाही. ते म्हणाले, रेषेला हरकत नाही, पण गाडी कठड्याला टेकून थांबली आणि कुणी मेलं नाही, त्याची नोंद कोण ठेवतं? कोणीच ठेवत नाही. अशा थोडक्यात हुकलेल्या घटनांचा अभ्यास विमानवाहतुकीत मुरलेला आहे. आमच्या रस्त्यांच्या विद्येत तो अजून नवखा आहे. काकांच्या डायरीत मात्र त्या होत्या: 'कठडा तुटला, इसम सुखरूप'.

राजस्थानची नाकाबंदी ही आमच्या दोघांच्या भांडणाची गोष्ट. अभिजित बॅनर्जी (आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, म्हणून आपल्याकडे जरा जास्तच जवळचे), एस्थर दुफ्लो, डॅनियल केनिस्टन आणि राजस्थान पोलिसांतल्याच अधिकारी नीना सिंग यांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्धच्या तपासणीवर तिथे प्रयोग केला. काही ठाण्यांत नाका रोज एकाच मोक्याच्या जागी, काहींत जागा बदलत. ठरलेल्या जागेचा फारसा उपयोग झाला नाही. जागा बदलत राहिलेल्या ठाण्यांत रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. कारण सरळ आहे: रोजचा नाका चालक ओळखतो आणि आडरस्ता धरतो.

मी हा निबंध घेऊन उत्साहाने गेले. महाबळेश्वरहून आंबेनळीने उतरणारे पर्यटक, एकतीस डिसेंबर, सगळं डोळ्यांपुढे होतं. काकांनी निम्म्यातच हात वर केला. "राजस्थान सपाट. इथं नाका कुठं लावू? वळणावर उभा राहिलो तर ब्रेक गेलेला ट्रक आधी माझ्या पोरांना घेऊन जाईल." घाटात चार माणसं आणि एक जीप सुरक्षित उभी राहील अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि आडरस्ता तर नाहीच. पळून जाणार कुठे? मग चालक काय करतो? नाक्याची वेळ ओळखतो. जेवणानंतर लागतो, बाराला उठतो, म्हणून बारानंतर निघतो. तेव्हा इथे जागेऐवजी वेळ फिरवायची, असं काकांनी काढलं: कधी दहाला तासभर, कधी पहाटे तीनला. पहाटे तीनला उभं राहायला कुणाला आवडणार? त्यांनी पहिल्या पाळ्या स्वतःच्या नावावर लावल्या.

मला वाटतं, संशोधन ठाण्यात उतरतं ते असंच. निबंधातलं तत्त्व एक होतं, चालकाला अंदाज येऊ द्यायचा नाही. त्यातली जागा हा फक्त राजस्थानचा तपशील होता. हा फरक मला, शिकलेलीला, दिसला नव्हता असं नाही. पण तो घाटात कसा बसवायचा हे ज्याचे पाय रात्रभर तिथे उभे राहणार त्यानेच सांगायचं होतं. वेळ फिरवल्याने अपघात किती घटले असं कुणी विचारलं की मी आकडा देत नाही. त्याच वर्षांत चौपदरीकरणाचं खोदकाम चालू होतं, वळणं कापली जात होती, वाहतूक या बाजूची त्या बाजूला वळत होती. अशा रस्त्यावर आधी-नंतरची तुलना मांडणारा अभ्यासक माझ्या मते धाडसी म्हणायला हवा. काकांना मात्र आकड्याची गरज वाटली नाही. नाक्यावर सापडणाऱ्यांची तऱ्हा बदलली, एवढं त्यांना पुरेसं होतं.

२०२१ मध्ये सरकारचं ॲप आलं. मद्रासच्या आयआयटीने आराखडा केला, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने चालवलं, आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. अंमलदाराने जागेवर जाऊन फोनमधूनच नोंद करायची, नकाशावर टाचणी आपोआप बसते, मग परिवहन, रस्ते आणि रुग्णालय आपापली माहिती जोडतात. ज्यासाठी आम्ही पंचांचे पत्ते धुंडाळले होते ते एका बोटाच्या टोकावर. काका निवृत्तीला आले होते आणि प्रशिक्षणाला सगळ्यांत पुढे बसले. बाहेर आल्यावर पोरांना एकच ताकीद: "घाटात रेंज नसली तरी नोंद जाग्यावर उघडा. ठाण्यात येऊन भरलीत तर टाचणी ठाण्यावर बसंल, आणि दिल्लीला वाटंल सगळे आमच्या दारात मरतात."

त्याच वर्षी २२ जुलैला महाड बुडालं. तळिये गाव दरडीखाली गेलं, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला. आमच्या घरात पाणी माळ्याला लागलं. माझ्या नोंदवह्या, नकाशे, झेरॉक्स, सगळा लगदा झाला. काका त्या दिवसांत कुठे होते ते विचारायची वेळ नव्हती. महिन्याभराने भेटले तेव्हा त्यांनी पिशवीतून डायऱ्या काढल्या. पोलादपूरला, वरच्या घरात, कोरड्या राहिलेल्या. "तुझं गेलं असंल तर यातनं परत उतरव." या वेळी मूळ डायऱ्या त्यांनी मला घरी न्यायला दिल्या.

आता दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, २७९ चं २८१ झालं, ३०४-अ चं १०६. काकांनी नवं कलम माझ्याकडून वाचून घेतलं. शब्द तेच आहेत. कशेडीत बोगदा झाला. २०२३ च्या गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या पहिल्यांदा त्यातून एकेरी गेल्या. लोक म्हणतात, सुटलो घाटातून. काकांची चिंता वेगळी. जुन्या घाटात आता सोबत कमी. पूर्वी मागून येणारा कुणी तरी बघायचा, थांबायचा. २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होणार नाही अशी हमी दिल्यावर टपरीवाल्यांनाही त्यांनी एकेकाला गाठून ते समजावलं होतं. आता टपऱ्याच उठल्या. दरीत गेलेली गाडी सकाळी दिसेल.

सध्या आमचं काम वेगळ्याच गोष्टीपाशी अडलं आहे. रस्त्याचा नंबर बदलला, वळणं कापली, आणि किलोमीटरचे दगड नव्याने लावले गेले. म्हणजे डायरीतला दगड आज त्या जागी नाही. जुन्या आणि नव्या साखळी क्रमांकांचा, म्हणजे दगडांवरच्या अंतरांचा, मेळ घालणारा तक्ता करायला हवा, नाहीतर जुन्या नोंदी ॲपच्या नकाशावर चढणार नाहीत. सुट्टीच्या दिवशी मी पोलादपूरला जाते. काका ओटीवर डायरी उघडून बसतात, मी लॅपटॉप. कधी मोटारसायकलवर घाटात जाऊन मोरी शोधतो, कारण मोऱ्या अजून जागेवर आहेत. ठाण्यातला एक तरुण शिपाई कधी कधी सोबत येतो. त्याने मागच्या वेळी विचारलं, काका, आता ॲपमध्ये सगळं येतंच की, हा उद्योग कशाला?

"ॲपमध्ये एकवीस सालापासनं मेलेले हायेत," काका म्हणाले. "त्याच्या आधीचे कुठं लिवायचे?" आणि मला पुढच्या मोरीचा क्रमांक विचारला.